दाराबाहेर राहणारे बूट

दाराशी पडलेल्या बुटांचा ढीग बुरुलने पुन्हा एकदा उपसला. तिचे बूट नव्हतेच. जाड तळव्याचे, आतून लोकर असलेले, अख्ख्या उन्हाळ्याचं लोणी विकून घेतलेले. नारीन शहराच्या उघड्या बाजारात ती हिवाळाभर उभी राहून दूध-दही विकायची. तिथेच थंडीने तिच्या पायाचं एक बोट गेलं होतं. दुसरं घालवायची तिची तयारी नव्हती.

कडेला उंच टाचांचे चकचकीत बूट उरले होते. थोरल्या नणंदेचे, कालिपाचे.

हीच कालिपा मघाशी आत, नात्यातल्या बाळाला पाळण्यात घालण्याच्या जेवणात सगळ्या बायकांसमोर म्हणाली होती, “आमच्या बुरुलने पैसे घातले ते बुटांत! अगं, बूट राहतात दाराबाहेर. मानाच्या जागी बसतो तो कोट!” बायका खो खो हसल्या होत्या. बुरुलने मटणाच्या घासाबरोबर अपमानही गिळला होता.

तिने ते बूट पायांत कोंबले. आत तळव्याच्या भोकावर ओलं वर्तमानपत्र घातलेलं होतं. फाटकापर्यंत पोहोचेपर्यंत मोजे भिजले आणि डोकं तापलं.

कालिपा मखमली कोटात गाडीची वाट पाहत उभी होती.

“वन्सं, माझे बूट काढा.”

“अगंबाई! गर्दीत कळलंच नाही बघ.”

“पाय गरम झाले तरी कळलं नाही?”

“हळू बोल. बायका बघतायत.”

“बघू देत! मघाशी हसायला होत्याच की.”

“घरापर्यंत घालू दे गं. उद्या आणून देते.”

“उद्या पहाटे मी बाजारात काय अनवाणी उभी राहू? काढा.”

“इथे? बर्फात पाय कुठे ठेवू?”

“अंगावर आहे ना एवढा भारी कोट? अंथरा!”

बोलून गेल्यावर बुरुललाच कसंतरी झालं. पण शब्द मागे घेणं जिवावर आलं. कालिपाने एकदा फाटकाकडे पाहिलं, गुंड्या सोडल्या आणि कोट खरंच बर्फावर पसरला.

बूट काढून दोघी त्यावर उभ्या राहिल्या. गारठा थेट तळव्यांना भिडला. बुरुलने कोटाचं टोक उलटलं. कापूस नाही, अस्तर नाही, नुसती वरची मखमल. आणि कालिपाच्या अंगात उन्हाळी झगा. तिचे दात वाजत होते.

“एवढ्या थंडीत हे घालून आलात?”

“अस्तराचे पैसे वेगळे पडत होते.”

बुरुलचा संताप ओसरला नाही, उलट भडकला. फक्त आता तो नेमका कुणावर काढायचा, ते तिला कळेना. तिने आपले बूट चढवले, कालिपाला तिचे ओले बूट घालू दिले. मग स्वतःच्या जाड, कापूस भरलेल्या कोटाच्या गुंड्या सोडून त्याची एक बाजू फाकवली.

“या आत,” ती खेकसली. “आणि गाडी येईपर्यंत एक अक्षर बोलू नका.”