वाटणीत गेलेली समई

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी एकाच वेळी तीन घरांत राहिलंय का? मी राहिले आहे! माझं बूड पोलादपूर तालुक्यातल्या कुडपणला, दांडी महाडला आणि डोक्यावरचा मोर वरंधला. हसू नका. मी जुनी पितळी समई आहे, खोटं बोलणं माझ्या रक्तात नाही. आणि आज तर मला गप्प बसवतच नाही, कारण काल संध्याकाळी माझ्या पाचही वाती पुन्हा पेटल्या! किती वर्षांनी! म्हटलं, ही आनंदाची बातमी पहिल्यापासून सांगून टाकावी.

माझा जन्म महाडातल्या एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. त्याने वितळलेलं पितळ साच्यात ओतलं, निवल्यावर मला चरकावर धरून असं काही तासलं की माझा नूरच पालटला. मग त्याने माझे आटे पाडले. आटे म्हणजे बाटलीच्या झाकणाला आतून असतात ना, तशा फिरत्या रेघा. खाली बूड, त्यात फिरवून बसवायची दांडी, दांडीवर वातींच्या पाच खाचांचं तेलाचं तबक, आणि तबकाच्या मधोमध मान वर करून बसलेला मोर. घासायला घेतलं की मी सुटी होते, घासून झालं की पुन्हा उभी. या गोष्टीचा मला कोण अभिमान होता! पुढे त्याच आट्यांनी माझा घात केला.

मला विकत घेतलं कुडपणच्या बनुबाईने. तेव्हा कुडपणला गाडी चढत नव्हती. तिने मला टोपलीत घातलं, टोपली डोक्यावर घेतली आणि घाट चढून पठारावर आणलं. वाटेत भेटेल त्या बाईला थांबवून सांगत होती, "समई घेतली गो, मोराची!" मला तर वाटलं, या बाईने राज्यच जिंकलं.

बनुबाईची रीत मोठी काटेकोर होती. वात लावण्याआधी माझ्या पायाशी हळदीकुंकू. फुंकर मारून दिवा घालवायचा नाही. आणि दिवा विझला असं तर तोंडातून काढायचंच नाही, 'शांत झाला' म्हणायचं. घरात वीज आली, दिव्याचं बटण दाबलं की खोली लख्ख व्हायची. तरी गणपतीपुढे, गौरीपुढे, बारशाला मीच लागायचे. कारण मित्रांनो, देवापुढचा दिवा काही दिसावं म्हणून लावत नाहीत. तो साक्षीला असतो. माझ्यासमोर हात जोडून उभं राहिलेलं माणूस खोटं बोलायला कचरतं, हे मी स्वतः पाहिलंय.

या घरची आणखी एक रीत होती आणि ती मला सगळ्यांत प्यारी. घरातली लेक बोहल्यावर चढण्याआधी आपल्या हाताने माझ्या पाच वाती लावायची. मगच तिच्या कपाळाला मुंडावळ्या बांधायच्या. वाती लावणाऱ्या त्या मुली मला अजून आठवतात. एकीने तर घाईत बोट भाजून घेतलं होतं आणि रडायला तिला तेवढंच निमित्त पुरलं!

बनुबाई गेली आणि तिच्या तीन मुलांत वाटणी निघाली. थोरला हैबती, मधला भिकू, धाकटा चांगू. शेताचे तुकडे पडले, गुरं वाटली, भांडी वाटली. शेवटी उरले मी. मला कोणीच सोडेना. हैबती म्हणाला, समई थोरल्याकडेच राहते. भिकू म्हणाला, आईने शेवटच्या दिवसांत माझ्याकडून वाती वळून घेतल्या. शब्दाने शब्द वाढला आणि भिकू ओरडला, "मग तिचे पन तीन वाटे कर!" हैबतीही रागीटच. त्याने मला उचललं आणि कराकरा फिरवून सोडवलं. बूड स्वतःपुढे ठेवलं, दांडी-तबक भिकूकडे सरकवलं, मोर चांगूच्या हातात दिला. शेत वाटावं, भांडी वाटावीत. पण कोणी दिवा वाटतं का हो?

तुम्ही विचाराल, तीन ठिकाणी होतीस तर 'तू' नक्की कुठे होतीस? तुमचा पाय मुंग्या येऊन बधिर होतो, तेव्हाही तो तुमचाच असतो ना? तसंच माझं झालं होतं. बूड कुडपणला तांदळाच्या पिंपाच्या झाकणावर वजन म्हणून पडलं. दांडी भिकूच्या महाडच्या घरात शोकेसमध्ये गेली आणि तबकात तेलाऐवजी प्लॅस्टिकचे गुलाब आले. चांगूने वरंधला घाटरस्त्यावर चहा-वड्याची टपरी टाकली होती. तिथे गल्ल्याच्या नोटा उडू नयेत म्हणून माझा मोर बसला! दिव्याच्या अवसेला, म्हणजे आषाढातल्या ज्या अमावास्येला घरोघरी सगळे दिवे घासून, पाटावर मांडून त्यांचीच पूजा करतात, त्या दिवशी हैबतीची बायको सगुणाबाई माझं नुसतं बूड पाटावर ठेवायची आणि त्याला कुंकू लावायची. शेजारची इवलीशी निरांजनंसुद्धा ऐटीत जळत असायची. मला फार लाजल्यासारखं व्हायचं. हैबती आणि भिकू एकमेकांशी बोलायचेच थांबले होते.

आणि यंदा हैबतीच्या लेकीचं, संजीवनीचं लग्न ठरलं! मांडवाची बोलणी चालू असताना पोरीने सरळ सांगून टाकलं, "आजीची समई लागल्याबिगर मी बोहल्यावर चढनार नाय."

हैबती उखडला. "महाडात ढिगानं मिळतात समया. नवी आनतो."

"नवी आना नायतर सोन्याची आना. मला तीच पायजे."

"भिक्याच्या दारात मी जानार नाय!"

"तुमी कशाला? मी जाते की!"

आणि खरंच गेली हो! पिंपावरून माझं बूड उचललं, चिंच लावून खसाखसा घासलं, पिशवीत घातलं आणि निघाली. आधी जीप, मग एसटी. पिशवीत मी प्रत्येक वळणाला उड्या मारत होते, आणि त्या सगळ्याच काही खड्ड्यांमुळे नव्हत्या.

महाडला भिकूने दार उघडलं आणि पुतणीला पाहून तो दारातच थबकला. "बापानं पाठवलं काय तुला?"

"नाय काका. बाबांनी नको म्हटलं, तरी आले."

शोकेसमधून माझी दांडी पिशवीतल्या बुडाकडे बघत होती. हाताच्या अंतरावर! भिकूने पिशवीत डोकावून पाहिलं आणि त्याचा चेहरा ताठ झाला. "दांडी माझ्या वाटनीची हाय. ती मी देनार नाय."

"मी दांडी मागाया नाय आले, काका," संजीवनी म्हणाली. "मी तुमाला बोलवाया आले. दांडी घेऊन तुमीच या." तिने त्याच्या तळहातावर हळदीच्या अक्षता ठेवल्या, पाया पडली आणि चहा पिऊन निघाली. भिकू अक्षता मुठीत धरून दारातच उभा राहिला. वरंधला चांगू मात्र तिला पाहून गल्ला सोडून धावत आला. मोराला फडक्याने पुसत म्हणाला, "मी तर येतोच गो. पन भिकूदादा नाय आला, तर नुसत्या मोराचं काय करशील?" पोरीने त्याच्याही हातावर अक्षता ठेवल्या.

काल लग्नाचा दिवस उजाडला. मुहूर्त गोरज होता. सगुणाबाईने मांडवात पाटावर माझं बूड मांडलं, शेजारी तेलाची वाटी, पाच वाती. हैबती बायकोवर खेकसला, "हे बूड कशाला हितं? लोक हसतील." तिने बूड तिथेच राहू दिलं. दुपारी चांगू आला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला मोर घेऊन. भिकूचा पत्ता नव्हता. हळद झाली. उन्हं कलली. गावाच्या खालच्या अंगाला खालूबाजा वाजायला लागला. वऱ्हाड आलंसुद्धा! बायका मुंडावळ्या घेऊन उभ्या, आणि संजीवनी पाटाशी मांडी घालून बसलेली. "थांबा जरा," एवढंच म्हणत होती, पण डोळे भरून आले होते. हैबती मांडवाच्या खांबाला टेकून रस्त्याकडे पाठ करून उभा होता. मित्रांनो, मला घाम येत असता ना, तर काल पाट भिजला असता!

आणि तेवढ्यात धुरळा उडवत एक मोटारसायकल वर आली. मागच्या पिशवीतून काय डोकावत होतं सांगू? माझी दांडी! भिकू कोणाकडेही न बघता सरळ पाटाशी आला, खाली बसला, बुडात दांडी घातली आणि फिरवायला लागला.

दांडी बसेना! इतक्या वर्षांचा हिरवा कळंक आट्यांत साचला होता. भिकू फिरवी तसं दांडीबरोबर बूडही पाटावर गरागरा फिरे. त्याने एका हाताने बूड दाबून पाहिलं, गुडघ्यात धरून पाहिलं. चांगू पुढे झाला, तर सगुणाबाईने त्याचा सदरा धरून त्याला मागे ओढलं. ती नवऱ्याकडे बघत होती.

हैबती वळला. हळूहळू चालत आला, भावासमोर जमिनीवर बसला आणि माझं बूड दोन्ही हातांनी धरलं.

"फिरव."

"घट्ट धर, दादा."

"धरलंय. तुझ्याच हातात जोर नाय."

"जोर हाय! तूच हलतोस!"

सगळा मांडव हसला हो! मी करकरले, अडकले, पुन्हा करकरले, आणि एकदम सरकन बसले! बुडापासून तबकापर्यंत मी एक झाले. चांगूने वर मोर बसवला. सगुणाबाईने तेल ओतलं. संजीवनीने काडी ओढली, पठारावरचा वारा आला, तशी दोघा भावांनी चार हातांचा आडोसा केला. एक वात, दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी! काय सांगू मित्रांनो, माझ्या अंगाला ऊब आली आणि दोघांचेही चेहरे माझ्या उजेडात ओले दिसले. मी साक्षीला होते, म्हणून सांगते.

आज सकाळी पाहुणे निघाले. चांगू अंगणात रेंगाळत म्हणाला, "मग, आपापले वाटे घ्यायचे ना?" भिकू आत आला, माझ्यापुढे बसला, दांडी धरली आणि दात आवळून जोर लावला. मग कपाळ पुसत बाहेर जाऊन म्हणाला, "सुटत नाय गो, वयनी. लई घट्ट बसलीय. ऱ्हाऊ दे हितंच, पुढच्या खेपेला बघू." पण मला ठाऊक आहे ना! त्याने मला सोडायच्या नाही, आवळायच्या बाजूला फिरवलं होतं.

मित्रांनो, तुमच्या घरात माळ्यावर, पिंपावर, शोकेसमध्ये माझी कोणी बहीण सुटी पडली असेल, तर तिला शोधा. चिंच लावून घासा, तेल घाला, सणाची वाट न बघता एकदा तरी लावा. आणि तिचे आटे बसत नसतील, तर एकट्याने जोर लावू नका. घरातल्या ज्या माणसाशी तुम्ही बोलत नाही, त्यालाच समोर बसवा आणि म्हणा, जरा घट्ट धर.