दडलेला राक्षस कुठे असतो

मित्रांनो, मी राक्षस आहे, पण घाबरू नका. मी आता जुना झालो आहे आणि उंचीने तुमच्या अंगठ्याएवढाच आहे. माझा डावा हात उजव्यापेक्षा आखूड आहे. त्याला कुणी हसलं की मला अजून राग येतो, तेव्हा हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

मी जन्माने राक्षस नव्हे. आधी मी वाशीच्या खाडीत, मुक्ताबाई नावाच्या कोळणीच्या जाळ्याला लावलेलं शिसं होतो. जाळं बुडावं म्हणून त्याला शिशाच्या गोळ्या बांधतात, त्यांतल्या आम्ही पाच-सहा. पंचाहत्तर-शहात्तर साल असेल. वरच्या नव्या पुलावरच्या गाड्यांची घरघर पाण्यातून खाली येई आणि येता येता मऊ होऊन जाई. तळाशी हिरवा उजेड असे. चिखलात अर्धा रुतून मी पडून राही आणि अंगावरून कोळंबी चालत जाई. ती झोप होती की जाग, मला कधीच नीट कळलं नाही. फार सुखाचे दिवस होते ते.

पुढे जाळं फाटलं. मुक्ताबाई नव्या वसाहतीत मासळी विकायला जायची. तिथल्या श्यामसुंदरांना शिसं हवं होतं, म्हणून तिने आम्हाला कागदात गुंडाळून त्यांना देऊन टाकलं. श्यामसुंदर एका कचेरीत नकाशे काढायचे. त्यांचा मेहुणा बोटीवर नोकरीला होता. त्याने परदेशातून एक अजब खेळ आणला होता. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतले वीर व्हायचं, आणि वीराचा घाव लागला की हुकला, ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. पुस्तकात राक्षसांची वर्णनं होती, पण पटावर ठेवायला राक्षस नव्हते. श्यामसुंदरांनी खाडीच्या मातीचा साचा केला, स्टोव्हवर जुन्या पळीत आम्हाला वितळवलं आणि ओतलं. शिसं जरा कमी पडलं, म्हणून हा हात असा. माझं नाव ठेवलं चिखल्या.

गोष्ट सांगायची श्यामसुंदरांची बायको, चारुलता. काय सांगायची! तिने ‘दलदल’ म्हटलं की मला खरोखर पायाखाली गारवा लागे. ती दादरच्या चाळीत वाढलेली, जिथे दिवसभर दार लोटायची पद्धत नव्हती. इथे इमारतीत सोळा घरं आणि त्यांतली अकरा कुलपात. श्यामसुंदर सकाळी आठला गेले की संध्याकाळपर्यंत घरात फक्त पंख्याचा आवाज. रविवारी दुपारी मात्र खेळ मांडला जाई. खालच्या मजल्यावरची मीना यायची, ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणारा अरविंद यायचा. एका मंगळवारी मला फडक्याने पुसताना चारुलता म्हणाली, “चिखल्या, रविवार नसता तर मला वेड लागलं असतं रे.” मी ते कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कसा?

आता माझ्या शक्तीबद्दल. पुस्तकात एकच ओळ होती: हा प्राणी चिखलात दडतो आणि दडल्यावर दिसत नाही. संपलं. चारुलतेने तिचा अर्थ असा लावला की ‘दडला’ म्हणायचं, मला पटावरून उचलायचं आणि मुठीत धरायचं. मग मी वाटेल तिथून वर यायचो. कधी तळ्याच्या या काठाला, कधी त्या. सलग तीन रविवार मी अरविंदच्या वीराला मागून लोळवलं. खरं सांगतो, मला भारी मजा वाटत होती.

चौथ्या रविवारी अरविंद तडकला. “वहिनी, ही सरळ चीटिंग आहे. आत्ता हा वडाखाली होता. एका डावात पलीकडे गेला कसा?”

“दिसत नाही म्हणजे कुठेही असू शकतो,” चारुलता म्हणाली.

“चारू, त्याचं बरोबर आहे,” श्यामसुंदर मध्येच बोलले. “तुझी मूठ म्हणजे काय पटावरची जागा आहे?”

“मग तुम्हीच सांगा ना गोष्ट!”

अरविंदने फासा खोक्यात टाकला. “राहू दे. पुढच्या रविवारपासून मी नाही येत. टीव्हीवर पिक्चर असतो.” तीन माणसांत खेळ होत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. मीना खाली मान घालून बसली. चारुलतेच्या मुठीला घाम सुटला. माझ्या खोडीपायी तिचा रविवार चालला होता, आणि मला माझीच लाज वाटली.

दार उघडंच होतं. उरलेल्या मासळीची पाटी घेऊन परत निघालेली मुक्ताबाई पाणी प्यायला उंबऱ्याशी टेकली होती. तिने विचारलं, “कनाला भांडताव गो बाय?” श्यामसुंदरांनी तिला सगळं समजावलं. चारुलतेच्या मुठीतून डोकावणाऱ्या मला बघून ती हसली, बहुधा हाताला. मग पाटीतल्या निवट्यांकडे, चिखलात राहणाऱ्या त्या बुळबुळीत माशांकडे, बोट दाखवून म्हणाली,

“ही निवटी चिखलात शिरली का दिसत नाय. पन ती काय गावाला जात नाय. तितंच हाय. पानी हलतं, बुडबुडं येतात. जो गप बसून बगतो त्याला गावते. आनि घाई करून हात घातलास तर बिलात चिंबोरी बसलेली आसते, ती नांगीनं बोट फोडते. दडलेला म्हंजे गेलेला नाय.”

चारुलतेने मूठ उघडली आणि मला बाजूला ठेवलं. पटावरच्या कुठल्या चौकोनात मी दडलो, ते तिने चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी वाटीखाली ठेवली. “तो एका डावात एकच घर सरकेल, आणि दर वेळी मी चिठ्ठीवर नवं घर लिहीन,” ती म्हणाली. “सरकला की मी एक खूण सांगेन. पण कुणी चुकीच्या घरात हात घातला, तर पहिला घाव चिखल्याचा.” अरविंदने थोडा वेळ विचार केला आणि फासा परत बाहेर काढला.

डाव सुरू झाला. लव्हाळा हलला, चारुलता म्हणाली. मग एक बगळा उडाला. मग तीन बुडबुडे. अरविंदने घाईने भाला खुपसला आणि माझा मार खाल्ला. मीनाने मात्र धनुष्य खाली ठेवलं. “मी मारत नाही. मी नुसती बघते,” ती म्हणाली. तीन डाव ती तशीच बसून राहिली. मी त्या कागदी चिखलात सरकत होतो, आणि मला पुन्हा तो हिरवा उजेड दिसू लागला होता. शेवटी मीनाने एका घरावर बोट टेकलं. “इथे.”

वाटी उचलली. चिठ्ठीत तेच घर होतं. फासा पडला आणि मी मेलो. आयुष्यात इतका आनंद मला कधी झाला नव्हता. कुणीतरी मला शोधलं होतं.

संध्याकाळी “रविवारी लवकर मांडा” असं बजावून अरविंद गेला. मीना चप्पल घालता घालता दारात थांबली.

“वहिनी, एक बोलू? सकाळची ड्यूटी असली की मी दोनला घरी येते. दुपारी तुमचं दार चार-चारदा उघडतं. कुणी आलेलं नसतं. तुम्ही जिन्यात जरा उभ्या राहता आणि परत आत जाता. मला खाली सगळं ऐकू येतं.” ती अडखळली. “ऐकूनही मी कधी वर आले नाही.”

चारुलतेने पदर डोळ्यांना लावला.

“उद्या येऊ?”

“ये,” चारुलता म्हणाली. “नक्की ये.”

मित्रांनो, त्याला पाच वर्षं झाली. अरविंदची बदली झाली, खेळ बंद पडला, चारुलता आणि श्यामसुंदर नेरूळला राहायला गेले. मी तिथल्या घरात माळ्यावर खोक्यात पडून आहे, अंगावर बोटभर धूळ आहे, आणि त्याचं मला वाईट वाटतं. पण मला काढायची घाई करू नका. मी शिशाचा आहे, दडून राहणं मला जमतं. माणसांना जमत नाही. तुमच्या जिन्यात एखादं दार उगाचच उघडत असेल, तर तेवढं वर जाऊन या. आजच जा.