शिकारीच्या रविवारी मोजलेलं चर्च

"तुम्ही खोटं लिहिलंत. आमचं चर्च रिकामं असतं असं लिहून तुम्ही त्याला कुलूप घालायला निघालात. न सांगता आलात, मागच्या बाकावर बसलात, डोकी मोजलीत आणि कुणाशी एक शब्द न बोलता निघून गेलात. आणि आलात कधी, तर मूस-हरणांच्या शिकारीच्या पहिल्या रविवारी! अहो, त्या दिवशी दुकान मोजलं असतंत, पेट्रोल पंप मोजला असतात, तरी रिकामाच सापडला असता. अख्खं गाव बंदुका घेऊन जंगलात होतं!"

एव्हर्ट कॉफीचा कप हातात धरून उभा होता. त्याचं आयुष्य लाकडाच्या कारखान्यात गेलेलं. करवतीच्या वर आवाज चढवायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. चर्चशेजारच्या हॉलमध्ये जमलेलं गाव आपापल्या कपात बघत बसलं. आमच्या या उत्तरेकडच्या गावात कुणी मोठ्यानं बोललं की ऐकणाऱ्यांनाच लाज वाटते.

धर्मप्रांताच्या कार्यालयातून आलेला माणूस चांगला होता, हेच वाईट. मऊ स्वेटर, मऊ आवाज. अशा माणसाशी धड भांडताही येत नाही.

"मला तुमच्या भावना समजतात," तो म्हणाला.

"भावना कुठं आल्या मध्येच? मी मूसबद्दल बोलतोय."

हॉलमध्ये खसखस पिकली.

"बरं, शिकार नसती, तर त्या रविवारी तुम्ही आला असता?"

"छे! झोपलो असतो."

आता मोठ्यानंच हसू फुटलं. पाळकबाई हेडव्हिगनंसुद्धा ओठ चावला.

"देव मानता तुम्ही?" मऊ स्वेटरवाल्यानं विचारलं.

"नाही."

"मग राग मानू नका एव्हर्ट, पण तुम्हाला हे चर्च कशाला हवंय?"

प्रश्न सरळ होता. एव्हर्ट जन्मला तसा सभासद. बाप्तिस्मा इथंच, दृढीकरण इथंच, लग्न इथंच, आणि मधल्या रविवारी कधी पाऊल टाकलं नाही. नाव काढून घ्यायचं त्याच्या मनात अनेकदा यायचं. मग बायको, मायवोर, म्हणायची, "राहू दे की. आगीचा बंब काय तू रोज बोलावतोस?"

ती मायवोर फेब्रुवारीत गेली. एव्हर्ट इस्पितळातून घरी आला आणि बूट न काढताच स्वयंपाकघरात बसला. आमच्याकडे घरात बूट घालून बसलेला माणूस म्हणजे संपलेला माणूस. रात्र गेली, चूल पेटली नाही, बाहेर दारापर्यंत बर्फ चढला. कुणी आलं नाही. कसं येणार? फोन केल्याशिवाय आम्ही कुणाचं दार वाजवत नाही, आणि दुःखात तर नाहीच नाही. माणसाला एकटं सोडणं हाच आमचा मोठा आदर. या आदरानं किती माणसं मारली, त्याची मोजणी कुठल्याही कार्यालयानं आजवर केलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चची घंटा वाजली. आधी धाकटी, बाईमाणूस गेलं की वाजते ती. मग दोन्ही मिळून. ही घंटा वाजली की लोक हातातलं काम ठेवतात आणि विचारतात, कोण गेलं? आणि त्या दिवशी फोन करावा लागत नाही. तसा नियम कुणी केलेला नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे. एरवी वाजवायची हिंमत होत नाही ते दार त्या दिवशी नुसतं ढकलायचं.

पहिली आली शेजारची सिगब्रिट. एका कुत्र्यावरून त्या दोन घरांत कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. मागोमाग तिचा मुलगा रूने, फावडं घेऊन. रूने पन्नाशीचा, अंगानं दांडगा, पण माणसांना बिचकणारा. तोंडातून शब्द फुटायचा नाही.

"बूट काढ," सिगब्रिट म्हणाली. "मायवोर असती तर तुला बुटांसकट बाहेर फेकलं असतं."

एव्हर्ट हसायला गेला आणि रडला. रूनेनं दारापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ एकट्यानं उपसला. संध्याकाळपर्यंत टेबलावर केक मावेनात. आणणाऱ्यांपैकी रविवारी चर्चला जाणारं एकही नव्हतं. एव्हर्टचा ऊर भरून आला. ज्याला मानत नव्हता त्याचे आभार कसे मानणार? पण घंटेची दोरी ओढणाऱ्या हातांचे, आणि तिच्यावरचं छप्पर पिढ्यान्‌पिढ्या गळू न देणाऱ्या आपल्यासारख्याच बिनविश्वासाच्या माणसांचे त्यानं मनातल्या मनात पाय धरले.

आता सिगब्रिट अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी घरी पाठवून दिलं होतं, म्हणजे काय ते तिला कळत होतं. कालच एव्हर्ट तिच्या उशाशी बसला होता.

"उद्या सभेला जा आणि भांड," ती म्हणाली.

"मी? अगं, मी देव मानत नाही."

"मानणारे भांडत नाहीत, प्रार्थना करत बसतात. म्हणून तर तुला पाठवतेय, गाढवा." मग तिनं दाराकडे पाहिलं. पलीकडे रूने भांडी विसळत होता. तिचा आवाज खाली आला. "मला माझ्यासाठी नकोय रे. मला काय ऐकू येणार आहे? पण हा कुणाला फोन करणार नाही. मी गेले की तसाच बसून राहील. घंटा वाजली नाही, तर याच्या दारात कोण येणार?"

"मी आहे ना."

"तू आहेस. पण किती दिवस? आरशात बघितलंस का? त्याला गाव पाहिजे, एव्हर्ट."

हे सगळं एव्हर्टनं हॉलमध्ये सांगितलं. जमेल तसं, अडखळत. मऊ स्वेटरवाल्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आपण व्यवस्था करू," तो म्हणाला. "या महिन्याअखेर चर्च बंद झालं, तरी शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये तुमच्या माणसांसाठी घंटा वाजवता येईल."

"ती ऐकणार कोण? शहरातले! आमच्या रूनेची आई गेली हे त्यांना कळून काय उपयोग? ते येणारेत फावडं घेऊन?"

 मागच्या रांगेतून हलकासा श्वास आत ओढल्याचा आवाज आला. मग दुसरा. मग खोलीभर.

"बाकी कुणाचं काही म्हणणं दिसत नाही," मऊ स्वेटरवाला म्हणाला आणि कागद आवरू लागला. तो दक्षिणेकडचा.

"अहो, सगळ्यांनी म्हटलं की आत्ता," हेडव्हिग म्हणाली. "इकडं 'हो' असंच म्हणतात, श्वास आत ओढून. कुणी एक गप्प राहिलेलं नाही."

तो माणूस कावराबावरा झाला. इतका वेळ तो ज्याला शांतता समजत होता, तो कल्लोळ होता.

एव्हर्टनं कप टेबलावर ठेवला.

"हे बघा, फेब्रुवारीत तुमच्या चर्चनं मला उभं केलं. त्याचे आभार मानायचे राहिले होते, ते आज गावासमोर मानतो. मनापासून मानतो. आता तुम्ही माझ्याकडे बघा, कागदाकडे नको. सिगब्रिट गेली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी रूनेसाठी इथली धाकटी घंटा वाजणार की नाही? मी खाली बसत नाही. हो की नाही, सांगा!"