गाठ खालून सोडवावी

घोडेस्वारी शिकवणाऱ्या त्या शाळेत अकरा घोडे होते. दहांच्या शेपट्या सरळ, मॅनेजरच्या भांगासारख्या. अकराव्या घोडीची जन्मापासून कुरळी. तिच्या आईचीही तशीच होती असं सांगत, पण मॅनेजरच्या मते हा मोतद्दाराचा आळस होता. मोतद्दार एकतीस वर्षं घोड्यांची निगा राखत होता आणि मॅनेजर तीन वर्षं माणसांची, त्यामुळे वादात कोण जिंकणार हे ठरलेलंच होतं.

त्यात मोतद्दाराचा हात मोडला. सहा आठवडे प्लास्टर. बदलीवर आलेल्या माणसाने कोरड्या शेपटीला वरून ताठ ब्रश ओढला, घोडीने त्याला लाथ घातली आणि मग त्याने शेपटीचा नादच सोडला. मोतद्दार परतला तेव्हा शेपटीचा दोरखंड झाला होता.

"काका, उद्या फोटोवाले येतायत," मॅनेजर म्हणाला. "आज चारपर्यंत शेपटी सुटली तर ठीक. नाहीतर मी कात्री आणतो."

"मग माश्या कशाने हाकलेल ती?"

"केस काय, परत येतात."

"दोन वर्षांनी. माश्या रोज संध्याकाळी येतात."

मॅनेजरला मुद्दा पटला असावा, कारण तो घड्याळावर बोट ठोकून निघून गेला. वेळ मात्र चारचीच राहिली.

मोतद्दाराची बोटं अजून मिटत नव्हती. शेवटी त्याने लेकीला फोन केला. एरवी त्यांचं बोलणं 'बरं आहे ना' आणि 'ठेवतो' यांच्यामध्ये मावायचं. तिचं स्वतःचं पार्लर होतं. बायकांचे कुरळे केस ती सरळ करून द्यायची. सुरुवात तिने स्वतःच्या केसांपासून केली होती.

ती आली, ॲप्रन बांधला. घोडीने कान मागे पाडले.

"तिच्या मागे उभी राहू नकोस," मोतद्दार घोडीचं तोंड धरून म्हणाला. "बाजूने ये. पाठीवरून हात फिरवत ने, कळू दे तिला. आता तेल लाव. फणी नंतर, आधी बोटं. टोकाकडून सुरू कर, आणि गाठीच्या वरचे केस मुठीत धर. मग मुळाला ओढ बसत नाही."

लेकीचे हात थांबले.

"हे तुम्हाला माहीत होतं, बाबा?"

"त्यात काय एवढं?"

"आई गेल्यावर रोज सकाळी तुम्ही माझी वेणी घालायचात. वरून फणी घालून थेट खाली. नऊ वर्षांची होते मी. शेवटी कंटाळून मीच कात्री चालवली."

मोतद्दार घोडीचं कपाळ खाजवत राहिला. तिथे खाजवण्यासारखं फारसं काही उरलं नाही तेव्हा म्हणाला, "तेव्हा नव्हतं माहीत. हे हिने शिकवलं, पुष्कळ नंतर. हिच्याआधी कुरळं काही हाताखालून गेलंच नव्हतं. तुझ्याशिवाय."

"मग माझ्याकडून का नाही शिकलात?"

"ही लाथ मारते. तू नुसती रडायचीस. मला वाटायचं, आईसाठी रडतेस."

लेकीने एक गाठ सोडवली, मग दुसरी.

"दोन्हीसाठी रडायचे," ती म्हणाली. "तेल द्या इकडे."

दुपारभर ती खालून वर सरकत राहिली. मध्येच घोडीने अर्धी सुटलेली शेपटी पाण्याच्या बादलीत बुडवून तिच्या तोंडावर फटकारली. "पावती दिली," मोतद्दार म्हणाला. लेक हसली. त्याने ते हसू बऱ्याच वर्षांनी जवळून पाहिलं.

चार वाजता मॅनेजर कात्री घेऊन हजर. शेपटी मोकळी लोंबत होती, वळणावळणांची, जवळजवळ जमिनीपर्यंत.

"अजून कुरळीच आहे की."

"आमच्याकडे बायका याचे पैसे देतात," लेक म्हणाली.

"सरळ करायचे?"

"कुरळे करायचेही."

कात्री खिशात मावणारी नव्हती, म्हणून मॅनेजर ती पाठीमागे धरून गेला. घोडीने शेपटीच्या एका झटक्यात मांडीवरची माशी उडवली.

लेक हात पुसत होती. पाणी लागून कानशिलावरचे तिचे केस पुन्हा वळले होते आणि त्यांत गवताची काडी अडकली होती. मोतद्दाराने हात पुढे केला. तिची मान सवयीने ताठ झाली. त्याने वरचे केस दोन ताठर बोटांत धरले आणि दुसऱ्या हाताने काडी खालच्या बाजूने हळूच ओढून काढली.

"दुखलं?"

"नाही," ती म्हणाली आणि मान वळवली. "या बाजूलाही आहे एक. सावकाश काढा."