भूकंपमापकाची साक्ष

मी एक जुना भूकंपमापक आहे, मित्रांनो. पुष्कळांना वाटते की भूकंप होण्याआधी मी तो सांगतो. तसे नाही. जमीन हलली की माझ्या पोटातले वजन झुलते, सुई थरथरते आणि फिरत्या कागदावर रेघ उमटते. जमीन केव्हा हलली आणि किती हलली, एवढेच मी लिहितो. आजवर खोटे मात्र कधी लिहिलेले नाही.

माझी उमेदीची वर्षे समुद्रकाठच्या एका अणुवीज केंद्रात गेली. जमिनीखालच्या खोलीत, खडकावर बांधलेल्या ओट्यावर मला पक्के बसवले होते. माझ्यासारखे आणखी अकरा जण केंद्रात ठिकठिकाणी होते. आमची देखभाल इंद्रभान वानखडे नावाचे तंत्रज्ञ करीत. ते बुलढाणा जिल्ह्यातल्या उंद्रीचे. दर सोमवारी ते मऊ फडक्याने माझी काच पुसत, शाई भरत आणि गावाकडच्या बोलीत विचारत, "काय बे, बरा हायेस ना?"

एका दुपारी जमीन खरेच हलली. फक्त नऊ सेकंद. केंद्रातल्या कित्येकांना ते कळलेही नाही. पण माझ्या खुणेबरोबर नियंत्रण कक्षात घंटा वाजली आणि अणुभट्टी बंद करण्यात आली. मग तीन दिवस माणसे एकेक नळ, एकेक सांधा, एकेक भिंत तपासत होती. कुठेही तडा निघाला नाही. तरी "उगाच घाबरलो" असे कोणी म्हटले नाही. मोठे साहेब स्वतः खाली आले. म्हणाले, "यंत्राने सांगितलं की आपण ऐकायचं. इथे दुसरा नियम नाही." मला वाटले, सगळीकडे हाच नियम असेल. किती भोळा होतो मी!

पुढे संगणकाला जोडलेली नवी यंत्रे आली आणि मला भंगारात काढले. इंद्रभान त्याच वर्षी निवृत्त होणार होते. त्यांनी रीतसर अर्ज करून मला मागून घेतले. त्यांची मुलगी सुवर्णा संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातल्या शाळेत विज्ञान शिकवत होती. "पोराइले दाखवाले कामी येईन," ते म्हणाले. असा मी शाळेच्या प्रयोगशाळेत आलो. मुले माझ्यापुढे उड्या मारत आणि सुई हलली की टाळ्या पिटत. मला ते आवडे, खोटे कशाला बोलू?

गेल्या हिवाळ्यात मात्र एका सकाळी सुई हलली, तेव्हा वर्गात कोणीच उड्या मारत नव्हते. आठ दिवसांत असे तीन धक्के बसले. शाळेच्या मागे खिचडी शिजवायची खोली होती, मातीत रचलेल्या दगडांची. तिसऱ्या धक्क्यानंतर तिच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. खिचडी शिजवणाऱ्या सिंधूताईंनीच तो आधी पाहिला. "बाई, तीन बोटं जातेत त्या फटीत," त्या सुवर्णाबाईंना म्हणाल्या.

बाई माझा कागद घेऊन मुख्याध्यापकांकडे गेल्या. "सर, खिचडीची खोली आजच बंद करा. अंगणात शिजवू."

"बाई, रस्त्यानं गिट्टीचे ट्रक जाऊन राह्यले. त्यानंबी सुई हालते."

"ट्रकची रेघ वेगळी येते, सर. पाहा ना, ही अन् ही."

सरांनी अखेर इमारती तपासणाऱ्या साहेबांना बोलावले. साहेबांनी व्हरांड्यातूनच भिंतीकडे नजर टाकली. मग मी कुठून आलो ते विचारले आणि हसले. "अणुवीज केंद्रानं टाकून दिलेला डबा हा! याच्या भरवशावर खोली बंद करायची? तडा सिमेंटनं लिंपून घ्या."

"लिंपल्यानं तडा झाकेल, जाणार नाही," बाई म्हणाल्या.

"तुम्ही विज्ञान शिकवा. बांधकाम आम्हाला कळतं."

तडा लिंपला गेला. पाचव्या दिवशी, मधल्या सुट्टीत, चौथा धक्का बसला. मुले ताटल्या घेऊन खोलीच्या दारात रांगेत उभी होती. "पळा रे, मांगं पळा!" सिंधूताई ओरडल्या. पुढच्या दोन पोरींना त्यांनी दोन्ही हातांनी बाहेर ढकलले. मुले वाचली. दगड सिंधूताईंवर आले. त्यांचा उजवा हात दवाखान्यात कोपरापासून काढावा लागला. त्या वेळी मी काय केले? रेघ ओढत राहिलो. मला दुसरे काही येतच नाही.

मग चौकशी झाली, आणि ती तडा लिंपायला सांगणाऱ्या साहेबांकडेच दिली गेली. अहवालात लिहिले, 'शाळेत भूकंपमापक असूनही पूर्वसूचना मिळाली नाही. यंत्र सदोष आहे.' माझे चारही कागद तपासणीसाठी नेले, ते परत आलेच नाहीत. इंद्रभान धावत आले. "माह्यासमोर एक डाव चालवून पाहा, मंग बोला," ते विनवत होते. साहेबांनी त्यांना दारातूनच परत पाठवले. सुवर्णाबाईंनी अहवालावर सही करायला नकार दिला. महिन्याभरात त्यांची बदली पार मेहकरकडे झाली.

शेवटी सिंधूताईंचा जबाब घेतला, माझ्याच खोलीत.

"धोक्याची कोणी कल्पना दिली होती का?" साहेबांनी विचारले.

"हाव. या यंत्रानं सांगतलं, बाईनं सांगतलं, म्याही सांगतलं. तुमीच आयकलं नाही. काऊन नाही आयकलं, साहेब?"

'पूर्वकल्पना नव्हती', साहेबांनी लिहिले, आणि वाचून न दाखवताच कागद पुढे सरकवला. सिंधूताईंना सही येत होती. पण सहीचा हात राहिला नव्हता. साहेबांनीच त्यांचा डावा अंगठा धरला, शाईत बुडवला आणि त्या ओळीखाली टेकवला.

मित्रांनो, माझी काच पुसा, मला शाई भरा, असे मागणे मी मागणार नाही. तुमच्यातले काही जण उद्या साहेब व्हाल. तेव्हा कोणी साधा कागद घेऊन तुमच्या दारात उभे राहील. त्याच्या यंत्राचे वय विचारू नका. उठा, आणि भिंतीला हात लावून पाहून या.