फर्झचॅट म्हणजे नक्की कोण

होलम बॉटम या सखल भागातल्या त्या गॉर्सच्या काटेरी झुडपाच्या खोडाचा व्यास सहा पूर्णांक चार सेंटीमीटर भरला. खालचा सव्वा मीटर नुसत्या वाळक्या काटक्या. हिरवा भाग सगळा माझ्या डोक्याच्या वर.

"तिथं पोचायला माझ्या घोड्यांना शिडी देणारेस का?" एनिड पिजली मागून म्हणाली.

तिच्या अकरा घोड्या या सामाईक माळावर चरतात. हिवाळ्यात त्या कोवळा गॉर्स खातात, आणि तो जाळलेल्या जागीच फुटतो. बॉटम याही वर्षी जाळला नाही, तर घोड्या माळावरून कायमच्या काढणार, असं तिनं माळाच्या समितीला कळवलं होतं. घोड्या गेल्या की पाचसहा वर्षांत इथं बर्चच्या झाडांचं रान माजेल. जाळायचं की नाही, हे समितीनं पक्षी मोजणारी म्हणून माझ्यावर सोडलं होतं. तीन हिवाळे मी 'अजून मोजणी हवी' एवढंच म्हणत आले होते.

कारण एनिडच्या नवऱ्याची, रूबेनची पक्ष्यांची वही. तो गेला, वही माझ्याकडे आली. तीस वर्षांच्या नोंदी, आणि या बॉटममध्ये दरवर्षी 'फर्झचॅट, सात-आठ जोड्या'. फर्झ म्हणजे इथल्या बोलीत गॉर्स. त्यात राहणारा दुर्मीळ पक्षी म्हणजे डार्टफर्ड वॉर्बलर, हे मी धरूनच चालले होते; जाळलं तर त्याचा निवारा जाणार. मला मात्र इथं तीन वर्षांत एकही दिसला नव्हता. मीच कुठंतरी चुकतेय असं वाटायचं.

"वारा बरोबर आहे," क्लेम स्ट्राइड आग झोडपायचं फावडं टेकवत म्हणाला. जाळायचं काम त्याच्याकडे. "परवापासून जाळायला बंदी. तोवर बाईंचं मोजून होईल ना?"

मी वही उघडून एनिडपुढे धरली. "रूबेन फर्झचॅट कुणाला म्हणायचे? बारीक, करडा, लांब शेपटी वर धरणारा, तोच ना?"

"तोच."

मला हायसं वाटलं.

"आणि तो काळ्या डोक्याचा पण. दगडावर दगड आपटल्यासारखा ओरडतो तो."

"तो स्टोनचॅट! वेगळा, नेहमी दिसणारा पक्षी आहे तो."

"तुझ्या पुस्तकात असेल. फर्झवर बसला की फर्झचॅट. माझा बापही तसंच म्हणायचा."

"मग या सात-आठ जोड्या कुणाच्या?"

"मला काय विचारतेस पोरी? बसलेल्यांच्या."

क्लेम खो खो हसला. मी पानं उलटत राहिले. एकोणीसशे नव्वद, त्र्याण्णव, अठ्ठ्याण्णव. सगळीकडे तोच एक शब्द. ते सगळे स्टोनचॅट असतील, किंवा अर्धे, किंवा एकही नसेल. आता कळायला मार्ग नव्हता.

"वही ठेव," एनिड म्हणाली. "तू स्वतः काय पाहिलंस?"

"दोन जोड्या. त्या वरच्या उतारावर, कमरेएवढ्या दाट गॉर्समध्ये. इथं काही नाही."

"मग?"

न दिसणं म्हणजे नसणं नव्हे, असं मीच विद्यार्थ्यांना शिकवते. मी बॉटमकडे पाहिलं, मग पुढं आलेल्या एनिडच्या एका घोडीकडे. तिच्या बरगड्या मोजता येत होत्या.

क्लेमनं घड्याळ पाहिलं.

"वरचा उतार सोडा," मी म्हणाले. "बॉटम जाळा."