बंद खोलीतला पाला

"वरचा कोपरा सुटलाय बगा," खैरुन्निसा बाहेरच्या खोलीतल्या पलंगावरून म्हणाली. "गॅस आला तर तिथनंच येल."

फकरुद्दीन स्टुलावर उभा होता. दातांत टेपचं टोक, खांद्यावर प्लास्टिकचा तागा. वीस वर्षं रियाधमध्ये त्याने लोकांच्या घरांत गार हवा आणून दिली होती. कुठल्या कॉम्प्रेसरला काय दुखतं ते तो आवाजावरून सांगायचा. हवा आत येऊच नये म्हणून खोली बांधायची पाळी मात्र पहिल्यांदाच आली होती.

नोव्हेंबर संपत आला होता. सद्दामने कुवेत गिळून चार महिने होत आले होते, आणि आता तो इकडे विषारी गॅस सोडणार, असं कफील मालकापासून भाजीवाल्यापर्यंत सगळे सांगत होते. घराघरात एक खोली बंद होत होती. खिडकीला प्लास्टिक, फटींना टेप, दाराखाली ओला टॉवेल. अल सुलैच्या गोदामांमागच्या या इमारतीत सगळ्यांनी तेच केलं होतं. बाजारातली टेप संपली होती. फकरुद्दीनकडे कामाची होती म्हणून त्याचा भाव वाढला होता.

पण बाकीच्यांच्या खोल्या गॅससाठी होत्या. फकरुद्दीनची खोली दुसऱ्याच कामासाठी होती, आणि ते काम कुणाला कळलं असतं तर त्याला गॅसची वाट बघायची गरज उरली नसती.

खैरुन्निसाच्या पोटात कॅन्सर होता. गणपतीच्या सुमारास कळला तेव्हाच बराच पुढे गेलेला. इंजेक्शनं सुरू झाली आणि पोटात काही ठरेनासं झालं. पेज, सरबत, साधं पाणीसुद्धा. त्यात युद्धाची चाहूल लागली. इस्पितळाने अर्धे वॉर्ड जखमींसाठी रिकामे ठेवले, निम्म्या नर्सेस आपापल्या देशांना पळाल्या, आणि उलटी थांबवायचं औषध आज आहे तर उद्या नाही असं झालं. मुलकाला न्यावं म्हटलं तर पासपोर्ट कफीलकडे, आणि विमानात बसून जायची तिची ताकद उरली नव्हती.

मीनाक्षी नावाची सांगलीकडची एक नर्स तेवढी मागे राहिली होती. तिने एकदा सलाइन लावता लावता आवाज खाली आणून सांगितलं, "आमचा अमेरिकन डॉक्टर म्हणत होता, त्यांच्याकडं भांगेच्या गोळ्या देतात हो या उलटीला. उतारा पडतोय म्हणं. इथं नाव काढलं तर मुंडकं जाईल. मी काय बोलले नाही, तुम्ही काय ऐकलं नाही."

फकरुद्दीनने ऐकलं होतं. आठ दिवस त्याच्या डोक्यात तेच. तो ज्या गोदामाची कूलिंग सांभाळायचा तिथे पिंजऱ्यातल्या पाखरांचं खाणं यायचं. राळा, जवस, आणि त्यात मिसळलेले करडे, गोल, चकचकीत दाणे. यमनी स्टोअरकीपर हसत म्हणाला होता, "भांगेचं बी. हे खाल्लं की कॅनरी गोड गाते." एके दिवशी फकरुद्दीनने गोणीतून मूठभर दाणे निवडून खिशात घातले. फाटकाबाहेर पडेपर्यंत तो हात खिशातून काढायची त्याला हिंमत झाली नाही.

घरी येऊन त्याने ते तिच्यापुढे ओतले आणि सगळं सांगितलं.

खैरुन्निसाने एक दाणा उचलून उजेडात धरला. मग म्हणाली, "तुमची मान कुठल्या गाडीतनं घराकडं न्हेयाची, तेवडं सांगून ठेवा."

"खोली बंदच ठेवायची हाय. कोण बगतंय? तुजं नि माजं ऱ्हाईल."

"तुमास्नी शेतीतलं काय कळतंय? घरची मेथी लावली तर ती बी मेली."

"तूच मोड आण. ते तुमचं काम. पुढचं मी बगतो."

ते खरंच बायकांचं काम. खैरुन्निसाने मुलकातून येताना बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात बी-बियाणं आणलं होतं. भेंडी, पडवळ, दुधी, एकेक बी एकेका चिंधीत गाठ मारलेलं. गच्चीवर तुपाच्या डब्यांत तिचं काही ना काही चालू असायचं. ती आजारी पडली तशी गच्ची सुकली.

"आनते मोड," ती शेवटी म्हणाली. "पन दुसरीकडनं कुठनं काय आनायचं नाय. मेहेकची शपत."

मेहेक म्हणजे त्यांची एकुलती लेक, दापोलीला दिलेली. फकरुद्दीनने शपथ घेतली. तिसऱ्या दिवशी तिने ओल्या फडक्यातले मोड त्याच्या तळहातावर ठेवले तेव्हा दोन खाली पडले. ते शोधायला तो गुडघ्यांवर रांगला.

खोली मात्र त्याने जीव ओतून बांधली. भिंतींना कबसा-भाताच्या दुकानातला चांदीचा कागद, वर गोदामातून टाकून दिलेल्या ट्यूबलाइटी, जुन्या फ्रिजचा पंखा, जुन्याच फ्रिजरचा टायमर. संध्याकाळच्या मगरिबनंतर तासाभराने दिवे आपोआप विझत, कारण खैरुन्निसाने सांगितलं होतं, "झाडास्नी पन झोप लागते." खोलीत रत्नागिरीच्या मे महिन्यासारखी ऊब असायची. ती म्हणाली, माझा पलंग इथंच आणा. त्याने आणला. नवरा-बायको असे वीस वर्षांत कधी एका खोलीत इतका वेळ राहिले नव्हते. पहिली चौदा वर्षं तर ती मुलकात आणि तो इकडे, दोन वर्षांतून एकदा दोन महिने.

झाडं वर आली. आधी साधी पानं, मग त्यांना बोटं फुटली. उघडलेल्या पंजासारखं पान. उरुसात मलंग फकिराच्या झोपडीमागे फकरुद्दीनने लहानपणी अगदी असंच झाड पाहिलं होतं. तो उठून दाराची कडी बघून आला. देठांना बारीक काटे होते, ते बोटाला लागत. मलंगाच्या झाडाला काटे होते का, ते त्याला आठवेना.

मलंग पाला दुधात वाटायचा, म्हणून त्यानेही वाटला. दूध फाटलं.

"डब्याचं दूध," तो चडफडला. "पावडर ती पावडरच."

"पावडरचा दोष नाय. भांगेनं दूद फाटतंच," खैरुन्निसा म्हणाली. "आमची नानी बोलायची." आणि तिने ते फाटलेलं दूध नाक न मुरडता प्यायलं. तास गेला. दोन तास गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, पण पोटातून काही आलं नाही.

"कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय वो. गुंगी येते मात्र."

फकरुद्दीन बाहेरच्या खोलीत गेला आणि दोन रकात शुकरान्याची नमाज पढला. हराम वस्तूसाठी शुकराना चालतो का, हे विचारायला इमामाकडे जाणं शक्य नव्हतं.

जानेवारीत युद्ध सुरू झालं. भोंगे वाजू लागले. एका संध्याकाळी मगरिबची नमाज होते न होते तोच भोंगा झाला आणि त्यांच्या दारावर हात बडवल्याचा आवाज आला.

"चाचा, मी अफशाँ. आमच्या खिडकीची काच गेली, प्लास्टिक फाटलं. हे ड्यूटीवर हायत. मला आत घ्या."

शेजारच्या तौकीर ड्रायव्हरची बायको. श्रीवर्धनची, वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली. फकरुद्दीन दाराच्या कडीवर हात ठेवून उभा राहिला.

"जागा नाय बाय. हिला त्रास होतो. खालच्यांकडं जा."

बाहेर रडण्याचा आवाज. भोंगा थांबत नव्हता.

"उघडा," आतून खैरुन्निसा म्हणाली.

"खैरू, अगं..."

"पोर मेली दारात, तर तिच्या नवऱ्याला कुठलं तोंड दाखवाल? उघडा म्हन्ते ना."

त्याने उघडलं. अफशाँ आत आली, बंद खोलीत शिरली आणि जागच्या जागी थबकली. पांढऱ्याफेक उजेडात कमरेएवढी झाडं ओळीने उभी होती. तिने झाडांकडे पाहिलं, चांदीच्या भिंतींकडे पाहिलं, तोंड उघडलं.

"खैरुचाची, ही तर..."

"माजं औषद हाय ते," खैरुन्निसाने तिचं मनगट धरलं. त्या काटकुळ्या हातात एवढा जोर कुठून आला, अल्ला जाणे. "बस हितं. टॉवेल लाव दाराला."

तिघं बसली. लांब कुठेतरी मोठा धमाका झाला आणि खिडकीवरचं प्लास्टिक श्वास घेतल्यासारखं आत आलं, बाहेर गेलं. अफशाँ कलमा पुटपुटत होती. फकरुद्दीन कलमा विसरला होता. तो फक्त अफशाँच्या डोळ्यांकडे बघत होता, आणि अफशाँचे डोळे झाडांवर होते.

त्यानंतरचे दिवस म्हणजे मरणच. जिन्यात बूट वाजले की तो दाराआड जाऊन उभा राहायचा. तौकीरने सलाम केला तर वाटायचं, याला कळलं. सलाम नाही केला तर वाटायचं, नक्की कळलं. त्याने तौकीरचा चांगला चालणारा फ्रिज उघडून पुन्हा बसवून दिला, नळाचा वायसर बदलला, खिडकीला नवी टेप मारली. तौकीर बिचारा "चाचा, कशाला, चाचा, चाय तरी घ्या" करत मागे मागे फिरायचा. तेवढ्यात अफशाँ खैरुन्निसाकडे येऊन बसू लागली. तो कामावर असताना तासन्तास. त्याला तीही धास्ती.

"तिला घरात घेऊ नको," तो म्हणाला.

"येऊ दे. गप्पा मारतो आमी. तुमास्नी काय कळायच्या त्या."

झाडं उपटून टाकावीत, असं त्याच्या रोज मनात यायचं. पण संध्याकाळी तो घरी आला की मोरी धुतलेली असायची, चादर बदललेली असायची आणि खैरुन्निसा सांगायची, "आज पेज ऱ्हायली पोटात." मग त्याचा हात उपटायला जायचा तो पाणी घालूनच परत यायचा.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तिला उठवेना. इस्पितळात न्यायला ती तयार नव्हती. "हितं ऊन हाय," म्हणाली. ट्यूबलाइटीला ती ऊन म्हणायची. शेवटच्या दिवशी तिने त्याला जवळ बोलावलं.

"ती झाडं फेकू नका."

"नाय फेकत."

"अफशाँला द्या."

ताप डोक्यात गेला, असं त्याला वाटलं. ज्या पोरीच्या जिभेवर आपली मान टांगलेली, तिच्याच हातात पुरावा द्यायचा? तो "बरं" म्हणाला. मरणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणतात?

दुपारच्या असरच्या नमाजनंतर दफन झालं. त्या दिवशी रेडिओवर फौजा कुवेतमध्ये घुसल्याची बातमी होती आणि कबरस्तानात माणसं त्या बातमीविषयीच हलक्या आवाजात बोलत होती. वाळूत एक खड्डा, उशाला एक बिनअक्षराचा दगड. तिथली रीतच तशी, नाव घालत नाहीत. फकरुद्दीनने डावीकडच्या भिंतीपासूनची पावलं मोजायला घेतली आणि मधेच कुणीतरी खांद्यावर हात ठेवला, तो आकडा चुकला.

घरी येऊन तो थेट बंद खोलीत गेला. कैची आणि कचऱ्याची काळी पिशवी घेतली. आता कुणासाठी ठेवायची ती झाडं? पहिलं बुंध्याशी कापलं, तुकडे केले. दुसरं कापत होता तेव्हा मागून आवाज आला.

"चाचा, हे काय करताव?"

अफशाँ दारात होती. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून ताट घेऊन आलेली.

तो दचकून उठला, झाडांपुढे आडवा झाला. "बाय, तुज्या पाया पडतो. आता ती गेली. आता कुणाला सांगू नको. मी सगळं जाळून टाकतो."

अफशाँने ताट खाली ठेवलं. तिचे डोळे रडून सुजलेले होते.

"अंबाडी कशाला जाळताव, चाचा?"

"काय?"

"अंबाडी हाय ती. भाजीची. पान दिसाया तसंच असतं. आमच्या गावात एकदा पोलिसांनी फसून अख्खा वाफा उपटून न्हेला होता." तिने एक पान तोडून त्याच्यापुढे धरलं. "चाखून बगा."

त्याने जिभेवर ठेवलं. आंबट. कचकचीत आंबट. ही चव त्याने जन्मभर खाल्ली होती, लसणाच्या फोडणीची, तांदळाच्या कण्या घातलेली. शिजलेली भाजी त्याने डोळे मिटून ओळखली असती. तिचा पाला कसा असतो ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

तो उठला आणि बिस्किटाचा डबा काढून आणला. भेंडी, पडवळ, दुधी. चौथ्या चिंधीची गाठ सोडली. आत अंबाडीचं बी नव्हतं. करडे, गोल, चकचकीत दाणे होते. त्याने गोदामातून आणलेली ती मूठ, जशीच्या तशी.

"त्या भोंग्याच्या दुसऱ्याच दिवशी मला शपत घातली त्यांनी," अफशाँ म्हणाली. "बोलल्या, ह्यांना कळलं तर खरं आणायला जातील. माजी उलटी दोन मयन्यांची. मान एकदा गेली की मेहेकचा बाप जन्माचा गेला."

"पन तिला बरं वाटत होतं," फकरुद्दीन म्हणाला. "पेज ऱ्हात होती पोटात."

अफशाँ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"ऱ्हात होती ना, अफशाँ?"

"कदी ऱ्हायची," ती म्हणाली. "तुमी घरात असलाव की त्या दाबून धरायच्या. तुमी गेलाव की मी बादली धरायची."

धुतलेली मोरी, बदललेली चादर. फकरुद्दीन पलंगाच्या कडेवर बसला. अफशाँ हलकेच म्हणाली, "द्या तो पाला, मी करून आनते भाजी."

"नको. मी निवडतो आदी. निवडलेला न्हे."

ती गेली. त्याने पिशवी जमिनीवर उपडी केली, मांडीवर फडकं पसरलं आणि एकेक फांदी उचलून पानं खुडू लागला. देठ एका बाजूला, पाला एका बाजूला. काटे बोटांना लागत होते. बाहेर मगरिबची बांग होऊन गेली. तासाभराने फ्रिजरचा टायमर खट् वाजला आणि दिवे विझले. उठून लावावेत असं त्याला वाटलं नाही. झाडांची झोपायची वेळ झाली होती. तो अंधारात, हाताला लागेल तसा, पाला निवडत बसला.